फायनल हरलो, आता पुढच्या हंगामाचं काय?

कोल्हापुरातल्या एका पेठेच्या फुटबॉल संघाकडनं आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "शाहू स्टेडियमवर फायनल होती. शेवटची दहा मिनिटं राहिली तोवर आम्ही १-० नं पुढं होतो. मग कॉर्नरवर गोल खाल्ला, सामना टायब्रेकरला गेला आणि हरलो. चौथी पेनल्टी आमच्या कॅप्टननंच बारवरून मारली. गेली सहा वर्षं संघात आठ जण तेच आहेत आणि दर वर्षी सेमी नाहीतर फायनलला गाडी अडते. पेठेत आता सगळ्यांचं म्हणणं एकच, कोच बदला, दोन परदेशी आणा, कॅप्टनला बसवा. वर्गणी काढायचंही ठरतंय. या संघाला भवितव्य आहे का?"

पेठेचं नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत. नाहीतर उत्तर वाचायच्या आधी मी कुठल्या पेठेचा याचाच शोध सुरू झाला असता. तो सामना मी बघितलेला नाही, त्यामुळं कोण कसा खेळला यावर बोलणार नाही. मी स्वतः हाफला, म्हणजे मध्यफळीत, खेळलो, आता बरीच वर्षं पोरांना शिकवतोय, आणि फायनल हरलेल्या पेठा आतून-बाहेरून बघितल्यात. त्या अंदाजानं लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक, फायनल हरली. दुसरी, सहा वर्षं आठ जण तेच. पहिल्या गोष्टीनं पेठेची झोप उडाली आहे, दुसरी तुम्ही सहज एका ओळीत लिहून पुढं गेलात. मला दुसरीची काळजी वाटते.

आधी हरण्याचं बोलू. फुटबॉलमध्ये गोलच इतके कमी होतात, की एका सामन्यावरून संघाची लायकी ठरवणं धोक्याचं असतं. २०२२ च्या विश्वचषकात ६४ सामन्यांत १७२ गोल झाले आणि तो तोपर्यंतचा विक्रम होता. म्हणजे विक्रमी स्पर्धेतसुद्धा सामन्याला सरासरी तीनही गोल नाहीत. अशा खेळात पायाला लागून वळलेला एक चेंडू नाहीतर पंचांची एक शिट्टी निकाल फिरवते. त्याच स्पर्धेत २२ नोव्हेंबरला अर्जेंटिना सौदी अरेबियाकडून १-२ हरली. त्याआधी ते सलग ३६ सामने हरले नव्हते. पूर्वार्धात त्यांचे तीन गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाले होते. आपल्याकडच्या ब्राझीलवाल्यांनी त्या संध्याकाळी स्टेटस टाकून टाकून मोबाईल तापवले. ९ डिसेंबरला ब्राझील क्रोएशियाकडून टायब्रेकरवर बाहेर, आणि १८ डिसेंबरला कप अर्जेंटिनाकडं. सौदीच्या सामन्यानंतर कुणी निम्मा संघ बदला म्हणाला असता आणि त्याचं ऐकलं गेलं असतं तर काय झालं असतं, विचार करा.

पण प्रत्येक हार अशी नसते. उलटं उदाहरण घरचंच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि २०२७ च्या आशिया कपचा रस्ता बंद झाला. तो सामनाही आपण आघाडी घेऊन घालवला. ते दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्या पात्रता गटात पहिल्या पाच सामन्यांत मिळून आपले गोल दोनच. बांगलादेशशी घरी ०-०, हाँगकाँगकडं ०-१, सिंगापूरला १-१, मग हे १-२, आणि ढाक्यात पुन्हा ०-१. सुनील छेत्री २०२४ च्या जूनमध्ये निवृत्त झाला आणि पुढच्या मार्चमध्ये त्याला परत बोलवावं लागलं. गोल करणारा दुसरा माणूस तयारच नव्हता हे त्या एका गोष्टीतनं कळतं. सिंगापूरचा सामना जिंकलो असतो तरी दुखणं तेच राहिलं असतं.

मग तुमची हार कुठल्या जातीची? मला सांगता येणार नाही, तुम्हाला येईल. आपल्याकडं बहुतेक मोठे सामने आता युट्यूबवर लाइव्ह असतात. तुमच्या फायनलचं रेकॉर्डिंग मिळालं तर पेठेतल्या फुटबॉल कळणाऱ्या तिघा-चौघांनी वही घेऊन ते परत बघा. आवाज बंद करून. कॉमेंट्री ऐकली, की डोकं निकालाकडंच जातं.

बघायचं काय? पहिलं, मोठ्या डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या पेनल्टी चौकटीच्या, आतनं तुम्ही किती शॉट मारले आणि समोरच्यानं किती. लांबनं हाणलेले मोजू नका, स्टेडियम त्याला कितीही टाळ्या वाजवू दे. दुसरं, गोल खाल्ला तो कॉर्नर मुळात मिळाला कसा. लोक कॉर्नरवर कुणी माणूस सोडला ते शोधतात, पण त्याआधीच्या अर्ध्या मिनिटात चेंडू मध्यफळीत कुणाच्या पायातनं गेला, तिथं कारण सापडतं. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेवटच्या वीस मिनिटांत तुमची बचावफळी आणि मध्यफळी यांच्यात अंतर किती पडलं. आघाडी सांभाळताना बॅक मागं सरकतात, हे सगळीकडं होतं. हाफनी त्यांच्याबरोबर मागं यायचं असतं. पाय संपलेले असले, की हाफ मधेच थांबतात. मग वीस-पंचवीस मीटरची मोकळी पट्टी तयार होते आणि बॅकनी डोक्यानं काढलेला प्रत्येक चेंडू त्या पट्टीत समोरच्याला मिळतो. तो परत आत टाकतो. पुन्हा क्लिअर, पुन्हा आत. असं पाच-सहा वेळा झालं, की एक कॉर्नर होतो आणि त्यातनं एक गोल. स्टेडियममधनं बघणाऱ्याला वाटतं शेवटी नशीब फिरलं. वहीत लिहिलेलं असलं, की दिसतं सामना पंधरा मिनिटं आधीपासून हातातनं सुटत होता.

तुमच्या लिहिण्यावरून मला हाच वास येतोय. दर वर्षी शेवटच्या टप्प्यात अडकणारा संघ बहुधा खेळात कमी पडत नाही, दमतो. आपल्या हंगामाची रचनाच तशी आहे. सुरुवातीला केएसएची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग, मग एकामागोमाग चषक, आणि सगळ्यात मानाचे सामने उन्हाळा पेटल्यावर. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारला मैदानात उतरायचं, दोन-तीन दिवसांनी परत उतरायचं. ज्या संघात तेरा-चौदा विश्वासाचे खेळाडू आहेत तो तग धरतो. ज्याचे अकराच आहेत तो सेमीपर्यंत येतो आणि तिथं त्याचे पाय बोलायला लागतात.

आता त्या आठ जणांकडं येतो.

आठ जण सहा वर्षं एकत्र खेळतायत हे चांगलं की वाईट, हे पूर्णपणे त्यांच्या वयावर आहे. सहा वर्षांपूर्वी ते वीस-एकविसाचे असतील तर आज सव्वीस-सत्तावीसचे आहेत. मैदानातल्या खेळाडूचा सगळ्यात चांगला काळ साधारण चोवीस ते एकोणतीस. मग तुमच्या हातात कोल्हापुरातला एक उत्तम संघ आहे, अजून दोन हंगाम पक्के, आणि फायनल हरली म्हणून तो मोडणं म्हणजे उभा ऊस पेटवून देणं. पण तेव्हाच ते सत्तावीस-अठ्ठावीसचे असतील तर आज तेहतीस-चौतीसचे आहेत. मग सेमी-फायनलला अडकणं हे दुर्दैव नाही आणि पुढच्या वर्षी तुम्ही सेमीलाही पोहोचाल असं नाही. गोलकीपरला हा हिशोब थोडा सैल लावा, कीपर उशिरा पिकतो. स्टॉपरलाही, म्हणजे बचावातल्या मधल्या बॅकलाही, एखादं वर्ष जास्त मिळतं. विंग आणि हाफला मात्र सवलत नाही.

म्हणून पहिलं काम, केएसएकडं नोंदवलेल्या यादीतल्या प्रत्येकापुढं जन्मसाल लिहा. त्यातले एकोणीसच्या आतले किती? त्यातले पेठेतले किती? आणि त्यांना गेल्या हंगामात खरोखर किती मिनिटं खेळायला मिळालं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पेठांत लाजिरवाणं असतं. पोरगा नोंदवलेला असतो, जर्सी असते, फोटोत असतो, पण ४-० नं पुढं असतानासुद्धा त्याला उतरवत नाहीत, कारण समर्थकांना पाचवा गोल हवा असतो. तीन वर्षं असा बाकावर बसलेला पोरगा फायनलच्या शेवटच्या वीस मिनिटांत एकदम कसा खेळेल?

"पण पेठेत पोरंच तयार होत नाहीत" हे मला नेहमी ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. महाराष्ट्र हायस्कूल, प्रायव्हेट हायस्कूल अशा शाळांमधनं आजही चांगली पोरं निघतात. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. तो लहान वयात पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पुढं आयएसएलपर्यंत, म्हणजे इंडियन सुपर लीगपर्यंत, पोहोचला. अगदी वरच्या दर्जाचा पोरगा बाहेर जाणारच, जायलाच पाहिजे, त्याला पेठेच्या प्रेमात अडकवू नका. मी बोलतोय ते त्याच्या खालच्या थराबद्दल. शाळा संपली, की हा थर गळतो. सोळा ते एकोणीस या वयात त्याला रोजचा सराव नाही, सामने नाहीत, घरून बारावीचा आणि नोकरीचा तगादा. त्याच वयात त्याच्या हातात झेंडा येतो आणि खेळणारा पोरगा समर्थक होऊन जातो. तुमच्या स्टँडमधल्या शंभर पोरांत दोन-तीन तरी हाफ बसलेले असतात, हे मी पैजेवर सांगतो.

आता पेठेच्या तीन मागण्या.

कोच बदला. हे कशावर अवलंबून आहे? त्याला सरावाला संघ कधीपासून मिळाला यावर. आपल्याकडं मे-जूनला हंगाम संपला, की पावसाळाभर सगळे गायब. गांधी मैदानात तळं साठतं, बाकीच्या मैदानांत चिखल, आणि दिवाळीनंतर नोंदणीची गडबड सुरू झाल्यावर संघ गोळा होतो. पायात दम भरायला सलग सहा ते आठ आठवडे लागतात. ज्या कोचला तीनच आठवडे मिळाले त्याला शेवटच्या वीस मिनिटांचा जाब विचारणं अन्याय आहे. त्याला सप्टेंबरपासून संघ मिळाला होता आणि तरी फायनलला पाय संपले, किंवा बाकावर ताजे खेळाडू असून त्यानं बदली केली नाही, तर मग जरूर विचारा. वर्षाला एक कोच बदलणाऱ्या पेठेत खेळाडूच कोच होऊन बसतात, एवढं ध्यानात ठेवा.

दोन परदेशी आणा. मी परदेशी खेळाडूंच्या विरोधात नाही. त्यांच्यामुळं आपल्या स्टॉपरना अंगानं भक्कम, चेंडू छातीवर घेऊन वळणाऱ्या माणसाशी खेळायची सवय लागली, हे कबूल केलं पाहिजे. पण आणायचा कशासाठी? नव्वद टक्के पेठांत उत्तर एकच, गोल करायला. तुमचा संघ तर गोल करून पुढं होता, त्याला आघाडी राखता आली नाही. पुढं एक उंच परदेशी उभा केला, की काय होतं हे मी खूपदा बघितलंय. मध्यफळी खेळायचं सोडून देते, मागनं लांब चेंडू त्याच्या डोक्यावर, आणि बाकीचे दहा जण बघत बसतात. तो हंगाम संपल्यावर निघून जातो, कधी पुढच्या वर्षी समोरच्या पेठेकडनंच उतरतो, आणि तुमच्या पोरांना लांब चेंडू मारायची सवय तेवढी राहते. आणायचाच असेल तर एक आणा आणि तो बचावापुढचा हाफ आणा, जो शेवटच्या वीस मिनिटांत ती मोकळी पट्टी भरेल. त्याच्या शेजारी आपला एकोणीस वर्षांचा पोरगा खेळवा, सरावातही तीच जोडी ठेवा. असा हाफ रील्समध्ये दिसत नाही, त्यामुळं त्याच्यासाठी वर्गणी मागताना दमछाक होईल.

कॅप्टनला बसवा. इथं मी जरा चिडूनच लिहितोय. १९९४ च्या विश्वचषक फायनलला रॉबर्टो बॅजिओनं बारवरून मारलेली पेनल्टी सगळ्या जगाला पाठ आहे. त्याच टायब्रेकरमध्ये इटलीच्या बारेसी आणि मासारो यांच्याही हुकल्या होत्या, हे किती जणांना आठवतं? आणि बाद फेरीच्या तीन सामन्यांत पाच गोल करून बॅजिओनंच इटलीला फायनलपर्यंत आणलं होतं. जगभरात पेनल्टी साधारण चारातल्या तीनच आत जातात. म्हणजे पाच जणांनी मारल्या तर एखादी हुकणं हे ठरलेलंच आहे, फक्त कुणाची हे ठरलेलं नसतं. तुमच्या कॅप्टनची हुकली कारण तो मारायला पुढं आला. दमलेल्या पायांनी मारताना शरीर मागं झुकतं आणि चेंडू वर जातो, त्यात हिमतीचा काही संबंध नाही. टायब्रेकरची तयारी करायची असेल तर सरावाच्या शेवटी, पाय भरून आल्यावर, मध्यरेषेपासून एकट्यानं चालत जाऊन मारायला लावा. ताज्या पायांनी, गप्पा मारत, पाच पाच पेनल्टी मारून काही साधत नाही.

कॅप्टन तेहतीसचा असेल आणि हाफला खेळत असेल तर त्याची जागा बदलावी लागेल, ती गोष्ट वेगळी. तो निर्णय वयाच्या यादीवरून घ्या आणि त्याला तालमीत बसवून जाणत्या माणसानं सांगा. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच्या हुकलेल्या पेनल्टीचा व्हिडिओ गाणं लावून फिरत असेल तर तो आधी बंद करा. बाकावर बसलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं तो व्हिडिओ बघतायत, आणि पुढच्या फायनलला कोचनं "कोण मारणार?" विचारलं, की हीच पोरं बुटाची लेस बांधायला खाली वाकतील.

समर्थकांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. हरल्यावर राग येणार. हरलेल्या पेठेत दुसऱ्या दिवशी मिसळसुद्धा मान खाली घालून खातात, मला माहीत आहे. पण स्टेडियमबाहेर दगड उचलला, समोरच्यांच्या गाडीची काच फोडली, की गुन्हा नोंद होतो आणि त्यात नाव येतं ते अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराचं. आपल्याकडं निम्मी पोरं पोलीस भरती नाहीतर सैन्याच्या तयारीत असतात, चारित्र्य पडताळणीत ते नाव अडतं. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण आपल्या स्थानिक चषकांवर त्याचा लाभ मिळत नाही, त्यासाठी वरच्या स्तरावरच्या स्पर्धा खेळाव्या लागतात. चांगल्या पोराला तिथपर्यंत पोहोचवायचं, की हंगामभर समोरच्या पेठेला खुन्नस द्यायला वापरायचं, हे मंडळातल्या मोठ्या माणसांनी ठरवायचं.

एवढ्यावर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर असं. आठ जण तिशीच्या आत असतील तर संघाला भवितव्य आहे, त्याला तीन-चार ताजे पाय जोडा आणि सराव लवकर सुरू करा, पुढच्या हंगामात चषक येऊ शकतो. येईलच असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. तिशीच्या वर असतील तर पुढचा हंगाम जिंकायचा हट्ट सोडा. आठपैकी चौघांना ठेवा, त्यातही कीपर आणि एक स्टॉपर नक्की, बाकीच्या जागा पोरांना द्या, आणि वर्षभर समोरच्या पेठेचे टोमणे ऐकायची तयारी ठेवा. हे वर्ष कठीण जातं. माझ्या माहितीतल्या बऱ्याच संघांनी ते अर्ध्यावर सोडलं, लीगमध्ये दोन सामने हरले, की परत जुनी माणसं बोलावली. ज्यांनी नेटानं काढलं त्यांना दोन-तीन वर्षांनी फळ मिळालं.

राहिली वर्गणी. ती काढा, लोक आत्ता तापलेत तोवरच निघते. पण त्यातनं आधी पावसाळ्यातल्या सरावाची सोय करा. मैदान नसलं तरी चढ पळायला, तालमीत अंगमेहनत करायला आणि एखाद्या टर्फवर आठवड्यातनं दोन दिवस खेळायला पाऊस आडवा येत नाही. मग दुसरा कीपर तयार करा, कारण पहिल्याचं बोट मोडलं तर काय, याचं उत्तर बहुतेक पेठांकडं नसतं. गुडघ्याची लिगामेंट गेलेला एखादा पोरगा असेल तर त्याच्या फिजिओचा खर्च उचला. ऑपरेशननंतर परत खेळायला नऊ महिने तरी लागतात आणि पैसे नसले, की पोरं चौथ्या महिन्यातच मैदानात उतरून गुडघा कायमचा घालवतात. एवढं करून उरलं तर परदेशी हाफ बघा. फ्लेक्सला यातला एक रुपया देऊ नका. आणि हिशोब तालमीच्या फळ्यावर लावा, नाहीतर पुढच्या वर्षी त्याच दारात पावतीपुस्तक घेऊन गेल्यावर चहा मिळेल, वर्गणी मिळणार नाही.